अझरचं पान

गेल्या दिवाळीत चारठाण्याला गेलो तेव्हा आमची माळवदाची खोली पाडायचं ठरलं होतं. लाकडं वाळवीने पोखरलेली, पावसाळ्यात वरून माती गळायची, आणि भावाला तिथे स्लॅब टाकायचा होता. खोलीच्या कोपऱ्यात काकांची पत्र्याची पेटी होती. आई म्हणाली, “तुझेच कागद असतील त्यात. बघून घे, नाहीतर भंगारवाल्याला देते.”

पेटीत ‘एकच षटकार’चे तीसेक अंक निघाले, ‘स्पोर्टस्टार’चे त्याहून थोडे कमी, आणि चपलेच्या खोक्यात क्रिकेटचे ट्रम्प कार्ड, रबरबँड वितळून एकमेकांना चिकटलेले. अंकांना कसर लागली होती. पिना गंजून पानांवर तांबूस डाग पडले होते. मी तिथेच जमिनीवर फतकल मारून बसलो आणि दुपारच्या जेवणाला दोनदा हाक मारावी लागली.

आयपीएल बघत मोठे झालेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. ‘एकच षटकार’ हे मराठीतलं क्रिकेटचं पाक्षिक होतं आणि त्याचा संपादक होता संदीप पाटील. १९८२ साली मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारणारा माणूस आपल्या भाषेत पाक्षिक चालवत होता, हे आज खोटं वाटेल. द्वारकानाथ संझगिरी त्यात लिहायचे. नोकरी मुंबई महापालिकेत इंजिनिअरची, आणि लॉर्ड्सबद्दल असं लिहायचे की जणू ते दादरच्या पुढचंच स्टेशन आहे. काका जिंतूरला शाळेवर होते, ते एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून अंक आणायचे आणि शनिवारी गावी येताना पिशवीत भाजीच्या वर ठेवायचे. ‘स्पोर्टस्टार’ इंग्रजी, ‘हिंदू’वाल्यांचं. ते आम्ही वाचत नव्हतो, बघायचो. मधल्या दोन पानांवर पोस्टर असायचं.

ट्रम्प कार्ड म्हणजे पत्त्यांसारखाच संच. प्रत्येक पत्त्यावर एक खेळाडू, त्याचा फोटो आणि खाली आकडे: सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, शतकं, बळी, झेल. तुम्ही एक रकाना बोलायचा, समोरच्याने त्याच्या पत्त्यावरचा तोच आकडा सांगायचा, ज्याचा मोठा तो दोन्ही पत्ते घेणार. आमच्या पिढीला चार आकडी संख्या शाळेत नीट कळल्या नाहीत, इथे कळल्या. त्याआधी ‘बिग फन’ बबलगममध्ये खेळाडूंची चित्रं यायची, आणि १९९९ च्या विश्वचषकाला ब्रिटानियाच्या पुड्यांवरच्या धावा जमवायचं वेड आलं होतं. गोकुळेश्वराच्या देवळाजवळ बसून आम्ही देवाणघेवाण करायचो. भाव आम्हीच ठरवलेले. एका सचिनला तीन, एका अझरला दोन, वेंकटपथी राजूला मात्र कुणी घेत नसे, त्याला वर फुकट द्यावं लागे.

पेटी उघडल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर मोबाइल काढून जुन्या अंकांना काय भाव आहे ते शोधलं. लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत बेसबॉलचे पत्ते जमवायचा केवढा मोठा धंदा आहे हे कुठेतरी वाचलं होतं. तिथे १९८४ पासून जेम्स बेकेट नावाच्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने पत्त्यांच्या भावांचं मासिकच काढलं. कुठला पत्ता कितीला, कुणाचा चढला, कुणाचा उतरला, बाण काढून दाखवलेलं. मुलं ते मासिक शेअर बाजारासारखं वाचायची. मिकी मँटल नावाच्या खेळाडूचा १९५२ सालचा एक पत्ता २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेला. गंमत अशी की त्याच १९५२ च्या मालिकेतले न विकले गेलेले पत्ते कंपनीच्या माणसाने पुढे खोकीच्या खोकी समुद्रात नेऊन बुडवले होते, गोदामात जागा होत नव्हती म्हणून. आणि पुढे भाव चढतोय म्हटल्यावर कंपन्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात एवढे पत्ते छापले, आणि लोकांनी ते एवढे जपून ठेवले, की आज त्यांना बहुतेक काहीच किंमत नाही. कुणी टाकलेच नाहीत तर दुर्मीळ कसे होणार?

आपल्याकडे हा प्रश्न आलाच नाही. आपण रद्दी घालतो. माझ्या तीसेक अंकांपैकी एखाद्याला कुणी हौशी माणूस चार पैसे देईलही, पण मला ते शोधताना पाच मिनिटांत कंटाळा आला, कारण तेवढ्यात एक अंक हातात आला ज्याचं मधलं पान नव्हतं. पिनेला कागदाची दातेरी पट्टी तेवढी अडकून होती. कुणीतरी घाईत ओढून काढलेलं पान होतं ते. ते मीच काढलं होतं.

मग मी सगळे अंक पुन्हा चाळले. पाच ठिकाणी पट्ट्या होत्या. एका ठिकाणी पान होतं, पण त्याचा एक चौकोन कात्रीने कापला होता. पत्त्यांमध्ये काही कमी होते, तेही बघितले. अझर नव्हता. पाचही पट्ट्या अझरच्या पानांच्या होत्या.

अझर म्हणजे मोहम्मद अझरुद्दीन. ३१ डिसेंबर १९८४ ला ईडन गार्डन्सवर पहिली कसोटी खेळायला उतरला आणि पहिल्या तीन कसोट्यांत तीन शतकं मारली. असं त्याच्या आधी कुणी केलं नव्हतं. कॉलर वर, गळ्यातला ताईत पळताना बाहेर येऊन हलायचा, आणि ऑफस्टंपच्या बाहेरचा चेंडू मनगट फिरवून मिडविकेटला. हा फटका गल्लीत मारायला जाऊन आमच्यातल्या प्रत्येकाचा कधी ना कधी त्रिफळा उडालेला आहे. १९९६ साली कोलकात्यालाच दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लागलेलं असताना परत येऊन ७४ चेंडूंत शतक काढलं. क्लुसनरला सलग पाच चौकार. सामना आपण हरलो, पण तो डाव कुणी विसरलं नाही. आणि ट्रम्प कार्डमध्ये अझर म्हणजे हुकमी पान होतं. सगळ्यात जास्त एकदिवसीय सामने, सगळ्यात जास्त धावा, सगळ्यात जास्त झेल, सगळं त्याच्याच नावावर. फक्त शतकं कोणी विचारायची नाहीत, ती सातच होती.

आणखी एक गोष्ट होती, जी पुण्या-मुंबईच्या मुलांना जाणवली नसेल. अझर हैदराबादचा. आमचा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. माझ्या आजोबांच्या तोंडी ‘मोठं शहर’ म्हणजे हैदराबाद, मुंबई नव्हे. तेव्हा सचिन मुंबईचा आणि अझर आमच्या बाजूचा, असा एक हिशेब गावात न बोलता चालू होता. त्यात हिंदू-मुसलमान असा भेद मला तरी आठवत नाही. आठवत नाही, असं म्हणणं बरं. नव्हताच, असं म्हणायचा अधिकार मला नाही, हे पुढे कळेल.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या अब्बांचं बाजाराच्या बाजूला शिलाईचं दुकान. दुकानात मशीनच्या वर ‘स्पोर्टस्टार’मधलं अझरचं पोस्टर होतं, आमच्याच काकांनी दिलेलं. शाळेचे गणवेश तिथेच शिवायचे. मापं घेताना अब्बा विचारायचे, “स्कोअर क्या हुआ बेटा?” १९९९ च्या जूनमध्ये कारगिलची लढाई चालू असताना मँचेस्टरला विश्वचषकात भारत-पाकिस्तान सामना झाला. कर्णधार अझर, त्याने ५९ धावा केल्या, प्रसादने पाच बळी घेतले, आपण जिंकलो. त्या रात्री त्या दुकानासमोर आम्ही फटाके उडवले आणि अब्बांनी सगळ्यांना पेढे दिले. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढची गोष्ट त्यानंतर फक्त दीड वर्षाने घडली.

७ एप्रिल २००० ला दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिएचं नाव घेतलं. आधी कुणाचा विश्वास बसला नाही. मग क्रोनिएने स्वतःच पैसे घेतल्याचं मान्य केलं. चौकशी सुरू झाली, सीबीआयचा अहवाल आला, आणि ५ डिसेंबर २००० ला बोर्डाने शिक्षा जाहीर केल्या. अझरुद्दीन आणि अजय शर्मा, आजीवन बंदी. अजय जडेजा आणि मनोज प्रभाकर, पाच वर्षं. अझरने आरोप नाकारले होते. मध्यंतरी तो असंही म्हणाला होता की आपण अल्पसंख्याक आहोत म्हणून आपल्याला लक्ष्य केलं जातंय. आज मला ते वाक्य जितकं चुकीचं वाटतं, तितकंच ते कुणाला महागात पडलं हेही दिसतं. हैदराबादेत बंगल्यात बसून ढाल म्हणून ते वापरता येत होतं. छोट्या गावात शिलाईचं दुकान चालवणाऱ्या माणसाला ती ढाल नको होती, पण बोटं त्याच्याकडेच वळली.

डिसेंबर होता, थंडी होती. आम्ही रोज संध्याकाळी शेकोटी करायचो: तुराट्या, पाचट, सायकलचं फाटकं टायर. कुणीतरी म्हणालं, अझरला जाळू. मी घरी जाऊन पेटी उघडली आणि पानं ओढली. पत्ता पण घेतला. चकचकीत कागद आधी वळतो आणि मग पेटतो, शाईची हिरवट ज्योत निघते, ते बघायला मजा आली. तेराव्या वर्षी राग आणि मजा यांत फार अंतर नसतं. मग एकजण म्हणाला, “दुकानात अजून आहे की.” आणि आम्ही पाच-सहाजण तिकडे निघालो.

दुकानाच्या पायरीवर उभं राहून जे बोललो ते मीच बोललो, कारण पोस्टर आमच्या काकांचं होतं. म्हणालो, “चाचा, ते काढून टाका आता.” आवाज मोठा नव्हता. शिवी नव्हती. धमकी तर मुळीच नव्हती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. अब्बांनी एकदा आमच्याकडे बघितलं, मशीन थांबवली, स्टुलावर चढले. चारही टाचण्या काढून ओठांत धरल्या, जशा शिवताना धरायचे. पोस्टरची घडी घालून खणात ठेवली. मग परत बसून मशीन सुरू केली. त्यांचा मुलगा आत काजं करत होता. त्याने वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत त्याने मला एकच प्रश्न विचारला. “जडेजाचं कामून नाही जाळलं?”

माझ्याकडे उत्तर होतं. मी म्हणालो, जडेजाला पाच वर्षं, अझरला आजीवन. गुन्हा मोठा तर शिक्षा मोठी. तो गप्प बसला, आणि मला वाटलं मी जिंकलो.

हे उत्तर तसं वाईट नव्हतं, हे इथे कबूल करायला हवं. शिक्षांमध्ये फरक होताच. तो फरक मी बनवला नव्हता. पण पंचवीस वर्षांनी जमिनीवर पसरलेली पानं बघताना कळलं की उत्तर बरोबर असूनही ते कारण नव्हतं. कारण अंकांमध्ये क्रोनिए होता. अख्खा. मधल्या पानावर, हिरव्या टोपीत, जबडा आवळलेला. त्यालाही आजीवन बंदी होती, आणि त्याने तर स्वतःच्या तोंडाने कबुली दिली होती. गुन्ह्याच्या मापाने जाळायचं असतं तर पहिला तो जायला हवा होता. कुणाला सुचलंसुद्धा नाही. जडेजाचंही पान होतं, १९९६ च्या बंगळुरूच्या उपांत्यपूर्व सामन्यातलं, वकारला झोडपून २५ चेंडूंत ४५ केल्या तेव्हाचं. त्या पानाला एक सुरकुती नव्हती.

आपण तत्त्वासाठी चिडलो की माणसावर, हे ओळखायचं कसं? त्या वेळी आपल्याला आतून दोन्ही सारखंच वाटतं. छातीत तीच धग, तोंडात तेच शब्द. मला खरोखर वाटत होतं की मी देशाशी झालेल्या बेइमानीवर चिडलोय, आणि आत चाचपून बघितलं असतं तर दुसरं काही सापडलं नसतं. कपट नव्हतंच ना. बाहेरून मात्र पुरावा राहतो: काय जळलं ते नव्हे, काय शिल्लक राहिलं ते. माझ्या मनाने मला पंचवीस वर्षं जे सांगितलं नाही ते गंजलेल्या पिनांनी सांगितलं. जर त्या पेटीतून तिन्ही खेळाडू फाडलेले निघाले असते, तर मी आज हा लेख लिहिला नसता, आणि लिहिला असता तर फक्त फसवल्या गेलेल्या बालपणाबद्दल लिहिला असता.

त्या फसवणुकीबद्दलही बोलायला हवं, कारण ती खोटी नव्हती. अनेकजण म्हणतात की झालं ते झालं, आपल्याला तेव्हा आनंद मिळाला ना, तो कोण काढून घेणार? मला हे पटत नाही. सामना बघण्याचा आनंद सिनेमा बघण्यासारखा नसतो. सिनेमात शेवट कुणीतरी लिहून ठेवलाय हे आपण मान्य करून बसतो. सामन्यात मात्र अट अशी असते की पुढे काय होणार हे मैदानावरच्या कुणालाच माहीत नाही. ती अट मोडली असेल, तर लोडशेडिंगमध्ये ट्रान्झिस्टर कानाला लावून मी जे जीव मुठीत धरून ऐकलं, त्यातलं काहीतरी खरोखरच चोरलं गेलं. आणि कुठल्या सामन्यातलं, हे माहीत नसल्यामुळे सगळेच हात लावायला नको वाटू लागतात. नोटांच्या बंडलात एक खोटी असल्याचं कळलं, पण कुठली ते कळलं नाही, म्हणजे कसं होतं, तसं.

पण फटका? कोलकात्याचे ते पाच चौकार? चेंडू सीमारेषेपर्यंत गेला तो खोटा नव्हता. मनगट वळलं ते खोटं नव्हतं. तेव्हा माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की सामन्याच्या आनंदावर डाग पडला, फटक्याच्या आनंदावर नाही. हे सोयीस्कर वाटेल, थोडं आहेच. आमच्या चारठाण्यात हे रोज बघायला मिळतं म्हणूनही मला ते जमत असेल. यादवांच्या काळातली देवळं, बारव, तो उंच दगडी स्तंभ, आणि इकडे तिकडे पडलेल्या मूर्ती, नाक गेलेल्या, हात गेलेल्या. खंडित मूर्तीची पूजा करत नाहीत हे लहानपणी सांगितलं जायचं. पण तिला कुणी फोडून पायात घातल्याचंही मी बघितलं नाही. झाडाखाली टेकवून ठेवलेली असते, पोरं तिच्या मांडीवर दप्तर ठेवून खेळतात.

अमेरिकेत पीट रोझ नावाचा बेसबॉल खेळाडू होता. कारकिर्दीत ४२५६ हिट्स, तो विक्रम आजही अबाधित. स्वतःच्या संघाचा व्यवस्थापक असताना सामन्यांवर पैजा लावल्या म्हणून १९८९ मध्ये त्याच्यावर आजीवन बंदी आली. पंधरा वर्षं नाकारत राहिला, मग २००४ मध्ये कबूल केलं. तर २०१३ साली टॉप्स कंपनीच्या पत्त्यांवर एक मजकूर छापला होता: या खेळाडूच्या इतक्या हिट्स झाल्या, ४२५६ च्या विक्रमापासून तो इतक्या दूर आहे. विक्रम कुणाचा, ते नाव नाही. आकडा ठेवला, माणूस पुसला. शेकोटीपेक्षा ही पद्धत सभ्य, पण मला ती जास्त भीतिदायक वाटते. जाळलेल्या पानाची निदान पट्टी राहते. रोझ २०२४ मध्ये वारला आणि २०२५ मध्ये बेसबॉलच्या आयुक्तांनी ठरवलं की माणूस मेला की बंदीही संपते.

आपल्याकडे न्यायालयं मध्ये आली. जडेजावरची बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्येच उठवली; तो पुन्हा रणजी खेळला, टीव्हीवर आला, हसला, आपणही हसलो. अझरची बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली ती ८ नोव्हेंबर २०१२ ला. बारा वर्षांनी. क्रोनिए तोवर विमान अपघातात जाऊन दहा वर्षं झाली होती. निकालाची बातमी मी पुण्यात होतो तेव्हा वाचली, आणि पोटात गोळा आला. म्हणजे त्याने काही केलंच नव्हतं की काय? मग मी निकालाबद्दल मिळेल ते वाचलं. बोर्डाची कारवाई कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. सुटका झाली, पण ‘काही घडलंच नव्हतं’ असं प्रशस्तिपत्र कुणी दिलं नाही. हे वाचून मला, लाज वाटते सांगायला, थोडं बरं वाटलं.

का बरं वाटलं, हे कळायला मला पेटी उघडेपर्यंत वेळ लागला. इतकी वर्षं मी माझा हिशेब अझरच्या हिशेबाला बांधून ठेवला होता. अझर दोषी, तर आम्ही त्या संध्याकाळी जे केलं ते जरा उद्धटपणाचं, पण बरोबर. अझर निर्दोष, तर आम्ही चुकलो. कोर्ट काय म्हणतंय, सीबीआय काय म्हणाली होती, जुन्या खेळाडूंच्या मुलाखतीत काय निघतंय, हे मी एवढ्या आवडीने वाचायचो ते क्रिकेटसाठी नव्हतंच, स्वतःच्या खटल्याची तारीख बघावी तसं होतं. आणि हा बांधच मुळात चुकीचा होता. समजा अझरने सगळे आरोप मान्य केले असते. समजा पैसे मोजतानाचा व्हिडिओ निघाला असता. तरी चारठाण्यातल्या एका शिंप्याला त्याच्या दुकानातलं पोस्टर काढायला सांगायचा मला काय अधिकार होता? त्याने कुठला सामना विकला होता? तो अझरचा कोण लागत होता? कुणीच नाही. मीच त्याला अझरचा केलं होतं. पायरीवर उभा राहून, ‘चाचा’ म्हणून, आदराने.

आणि त्या दुकानाच्या दोन घरं पलीकडे सलूनमध्ये जडेजा होता. केसांच्या स्टाइलसाठी लावलेला. त्या पायरीवर आम्ही गेलो नाही.

आता कुणाला काही फाडावं लागत नाही. अनफॉलो करता येतं, जुनी पोस्ट डिलीट करता येते, कौतुकाचा स्क्रीनशॉट कुणाकडे नसेल तर आपण कधी त्याचे चाहते होतो याचा पुरावाच नाही. माझ्यासारख्याला पंचवीस वर्षांनी पट्ट्या सापडल्या, तुमचं काय सापडणार? हा टोमणा नाही, मला खरंच प्रश्न पडतो. फोनमध्ये काय जळलं आणि काय राहिलं याचा ताळा कसा करतात? शेकोटीभोवती बसलेल्या आम्हा पोरांपैकी दोघंजण पुढे मोबाइलवर पैसे लावून संघ बनवायच्या अ‍ॅपवर रोज रात्री असायचे. २०२३ पासून दोन वर्षं तर तशाच एका अ‍ॅपचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवर छातीवर होतं, मग २०२५ मध्ये कायदा आला आणि ते गेलं. त्यांना मी शेकोटीची आठवण करून दिली तर म्हणाले, ते वेगळं, हे वेगळं. वेगळं आहेच. पण आमची तेव्हाची चीड फक्त पैशांच्या खेळाबद्दल होती, असं आता कुणी म्हणू नये.

दिवाळीच्या पाडव्याला मी त्याला फोन केला. तो आता छत्रपती संभाजीनगरला असतो, स्वतःचं दुकान आहे, दोन कारागीर हाताखाली. अब्बा आता नाहीत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी पेटीबद्दल सांगितलं, पट्ट्यांबद्दल सांगितलं, आणि म्हणालो की त्या दिवशी दुकानात आलो होतो, ते चुकलं आमचं. माझं.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग हसला. म्हणाला, “अबे, मी पण जाळलं होतं.”

“काय?”

“माझा पत्ता. अझरचा. तुम्ही यायच्या दोन दिवस आधी. घरामागं, चुलीत. लई राग आला होता मला. तुमच्यापेक्षा जास्त आला असंल. रडलो पण.”

मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं का नाहीस? मला वाटलं होतं तू त्याच्या बाजूचा आहेस.

“कसं सांगणार? तुम्ही दुकानात येऊन गेल्यावर मला चिडता येईना त्याच्यावर. चिडलो असतो तर तुमच्यात आलो असतो. अन् पोस्टर माझं नव्हतंच, अब्बांचं होतं. त्यांना क्रिकेटचं काय कळत होतं? त्यांचं आपलं हैदराबाद हैदराबाद.”

मी काहीच बोललो नाही. तोच म्हणाला, “ते वकारला मारलेलं जडेजाचं पान आहे म्हणालास ना? फोटो पाठव बरं. पोराला दाखवतो.”

मी क्रोनिएचा आणि जडेजाचा, दोन्ही पाठवले. आणि फाडलेल्या पानाची ती पट्टी दिसेल असा एक. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर रात्री आलं, व्हॉइस मेसेज. मागे शिलाई मशीनचा आवाज होता. त्याचा पोरगा विचारत होता की या माणसाच्या हेल्मेटला जाळी का नाही, आणि तो त्याला समजावत होता.